लाईक मिळाले, वाचक कुठे गेले?



१४ एप्रिल आला की आपले मोबाईल निळे होतात. डीपी बदलतात, स्टेटस लागतात, रील्सवर भीमगीते वाजू लागतात. १ जानेवारीला, अशोक विजयादशमीला, ६ डिसेंबरलाही असेच होते. एकेका पोस्टला हजारांच्या घरात लाईक पडतात. आता एक साधा प्रश्न विचारते. आपल्याच कार्यकर्त्यांनी पदरमोड करून चालवलेल्या वेबसाईट आहेत. कुठे शिष्यवृत्तीची माहिती आहे, कुठे अ‍ॅट्रॉसिटी कायदा सोप्या मराठीत समजावून सांगितला आहे, कुठे चळवळीचा इतिहास लिहिला आहे. लाईक करणाऱ्यांपैकी किती जण तिथपर्यंत पोहोचतात? ज्यांनी अशी वेबसाईट चालवली आहे त्यांना उत्तर माहीत आहे. फार थोडे.

यावर आपल्याकडे एक ठरलेले उत्तर असते, "आपली पोरं वाचतच नाहीत." मला हे मान्य नाही. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर लोक भाकरी बांधून येतात आणि परत जाताना पिशवीत पुस्तके घेऊन जातात. असा समाज वाचत नाही, हे म्हणणे त्या समाजावर अन्याय आहे. वाचक आहे, पण आपल्या प्रोफाइलवरून लेखापर्यंत जायची वाट त्याला सापडत नाही. ती वाट करून देणे हे आपले काम आहे आणि ते आपण करत नाही.

'मूकनायक'ची एक गोष्ट आपण भाषणांत नेहमी सांगतो. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी हे पाक्षिक सुरू केले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला. ही गोष्ट सांगून आपण 'केसरी'च्या जातीयतेवर बोलतो आणि ते योग्यच आहे. पण दुसरी बाजू आपल्या नजरेतून सुटते. मुळात जाहिरात 'केसरी'कडे का पाठवली? कारण मराठी वाचक तिथे होता. दुसऱ्याच्या पत्रात जाऊन आपल्या पत्राचा पत्ता सांगायचा आणि वाचकाला आपल्याकडे वळवायचे, असा तो सरळ हिशोब होता.

आज फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब ही दुसऱ्याची पत्रे आहेत. मालक वेगळा, नियम त्याचे, नफाही त्याचा. फरक इतकाच की आपली जाहिरात तो सध्या फुकटात छापतो. आणि ज्या जाहिरातीसाठी तेव्हा पैसे देऊनही जागा मिळाली नाही, ती आज फुकट मिळत असताना आपण तिच्यावर आपल्या पत्राचा पत्ताच लिहीत नाही!

"पण वेबसाईट हवीच कशाला? सगळे फेसबुकवरच लिहू," असे काही मित्र म्हणतात. फेसबुकवरची पोस्ट दोन दिवसांत खाली जाते. तीन वर्षांपूर्वीचा चांगला लेख शोधायला गेलात तर लिहिणाऱ्यालाच सापडत नाही. विरोधकांनी एकत्र येऊन रिपोर्ट केले आणि खाते बंद पडले, तर सगळे लिखाण एका रात्रीत जाते. वेबसाईटवरचा लेख मात्र, कुणी दोन वर्षांनी गुगलवर 'जात पडताळणीला कोणती कागदपत्रे लागतात' असे विचारले तर समोर येऊ शकतो. 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक'चे अंक कुणीतरी जपून ठेवले, म्हणून वसंत मून यांच्या संपादनाखाली १९९० मध्ये महाराष्ट्र शासनाला ते ग्रंथरूपात काढता आले आणि आज आपण ते वाचतो. आपल्या पिढीचे लिखाण जपायचे असेल तर ते आपल्या ताब्यातल्या जागेवरच असले पाहिजे.

आता प्रोफाइलकडे वळू. आपल्या कार्यकर्त्यांची दहा खाती उघडून बघा. डीपीवर बाबासाहेबांचा फोटो, नावाच्या जागी 'भीमाचा वाघ' किंवा 'निळं वादळ' आणि खाली 'कट्टर भीमसैनिक, जय भीम, नमो बुद्धाय, जय संविधान'. हा अभिमान मलाही आहे. पण नांदेडच्या वसतिगृहात बसून परदेशी शिष्यवृत्तीची माहिती शोधणाऱ्या मुलीला यातून काय कळते? हा माणूस कोण, काय काम करतो, त्याच्याकडे आपल्या उपयोगाचे काय आहे, यातले काहीच कळत नाही. ती पुढे निघून जाते.

म्हणून चार गोष्टी करा.

पहिली, नाव. इन्स्टाग्रामवर शोध घेताना नावाच्या रकान्यातले शब्दही धरले जातात. तिथे नावासोबत काम लिहा, 'शिष्यवृत्ती मार्गदर्शन' किंवा 'सामाजिक न्याय'. सगळीकडे एकच नाव ठेवा. फेसबुकवर एक, इन्स्टावर दुसरे आणि वेबसाईटचे तिसरे असेल तर ओळखीचा माणूससुद्धा चुकतो. फोटो स्वतःचा किंवा संस्थेच्या चिन्हाचा लावा. बाबासाहेबांचा फोटो लाखो खात्यांवर आहे, त्यातून वाचकाने तुम्हाला ओळखायचे कसे? त्यांना कव्हर फोटोवर मानाने बसवा.

दुसरी, बायो. इन्स्टाग्राम तिथे १५० अक्षरे देते. घोषणांनी ती भरू नका. असे लिहून बघा: 'मराठवाड्यातील विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती, वसतिगृह व जात पडताळणीची माहिती. सविस्तर लेख खालील लिंकवर. जय भीम.' कोणासाठी, काय आणि कुठे, तिन्हींची उत्तरे यात आली.

तिसरी, लिंक. इन्स्टाच्या पोस्टखाली लिहिलेल्या लिंकवर बोट ठेवून ती उघडत नाही. बायोमधली आणि स्टोरीतली लिंक उघडते. बायोमध्ये पाचपर्यंत लिंक देता येतात. तिथे नुसता वेबसाईटचा पहिला पत्ता देऊन थांबू नका. प्रवेशाचे दिवस असतील तर थेट शिष्यवृत्तीच्या लेखाची लिंक द्या, अत्याचाराची घटना चर्चेत असेल तर कायद्यावरच्या लेखाची. फेसबुक आणि एक्सवर असा एक लेख पिन करून सगळ्यात वर ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकण्याआधी स्वतःला पाठवून पाहा. शीर्षक आणि चित्र नीट दिसत नसेल तर लोक ती फसवी लिंक समजून उघडत नाहीत.

चौथी, सुविचार. बाबासाहेबांच्या नावावर त्यांनी कधीही न लिहिलेली वाक्ये बिनदिक्कत फिरतात आणि आपणच ती पुढे ढकलतो. त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड १९७९ मध्ये निघाला आणि हे खंड आज मोबाईलवरही वाचता येतात. वाक्य टाकताना खंड आणि पान लिहा, त्याखाली ते ज्या संदर्भात आले त्यावरच्या लेखाची लिंक द्या. खोटे वाक्य थांबेल आणि खऱ्या वाचकाला पुढे जायला कारण मिळेल.

यात एक गोष्ट भगिनींसाठी. प्रोफाइल सुधारा म्हणजे स्वतःला उघड्यावर आणा, असे मी म्हणत नाही. आडनावावरून जात कळली की इनबॉक्समध्ये कसल्या शिव्या येतात हे आपल्यातल्या अनेकींना माहीत आहे. वैयक्तिक खाते लॉक ठेवा. कामासाठी वेगळे पेज काढा, संस्थेच्या किंवा टोपणनावाने. त्यावर राहते गाव, मुलांचे फोटो, स्वतःचा नंबर टाकू नका. दोन-तीन विश्वासू जणींकडे पेजचा ताबा द्या आणि द्विस्तरीय पडताळणी सुरू करा. भावांनी यावर हसू नये. आपल्याकडे लिहिणाऱ्या स्त्रिया कमी दिसतात, त्याचे एक कारण हेही आहे.

"ही तर स्वतःची जाहिरातबाजी झाली, चळवळीत हे शोभत नाही," असा आक्षेप येईल. मग नेत्यांसोबतच्या सेल्फींनी भरलेले प्रोफाइल काय असते? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला होता. नेत्याभोवती फिरणारे प्रोफाइल भक्ती वाढवते. लेखाकडे नेणारे प्रोफाइल वाचकाच्या हातात माहिती देते, मग तो लेखकाशी असहमतही होऊ शकतो. दुसऱ्या प्रकारची जाहिरात आपण निर्लज्जपणे केली पाहिजे.

मात्र आकड्यांच्या मागे धावू नका. विकत घेतलेले फॉलोअर्स लेख वाचत नाहीत. वाचक इन्स्टावरून आला की व्हॉट्सअ‍ॅपवरून, कोणत्या लेखावर किती वेळ थांबला, हे दाखवणारी साधने फुकट मिळतात. महिन्यातून एकदा ती बघा. आणि खरा हिशोब वेगळाच ठेवा: लेख वाचून किती जणांनी अर्ज भरला, किती जणींनी तक्रार नोंदवण्याआधी कायदा वाचला.

येत्या रविवारी विहारात वंदना झाली की अर्धा तास थांबा. पाच जणांचे मोबाईल घ्या आणि तुम्हाला न ओळखणाऱ्या एखाद्या अकरावी-बारावीच्या मुलीच्या हातात द्या. तिला म्हणा, "ताई, या प्रोफाइलवरून शिष्यवृत्तीचा लेख शोधून दाखव." एका मिनिटात तिला तो सापडला नाही, तर प्रोफाइल तिथेच बसून दुरुस्त करा.

जय भीम! जय संविधान!