कुपीतला मोगरा आणि शेतातला मोगरा

वाचकहो, अंगारकीला टिटवाळ्यास गेलात की महागणपतीसाठी जास्वंद आणि दूर्वा घेता. दोन्हींना सांगण्यासारखा वास नाही! देव शहाणा, भक्ताला खर्चात पाडत नाही.

पण जत्रेत चहाच्या किमतीत ‘अस्सल मोगरा’ म्हणून कुपी मिळते, तिचा हिशेब घरी मांडून पाहा. मोगऱ्याचा एक किलो शुद्ध अर्क काढायला सातशे ते हजार किलो फुले लागतात. गुलाबाच्या एक किलो तेलाला तर साडेतीन-चार हजार किलो. तेव्हा त्या कुपीत मोगरा नाही, कारखान्यातले रसायन आहे. तेही वाईट नव्हे म्हणा. पॅरिसच्या १९२१ सालच्या ‘शनेल नंबर ५’ या महागड्या अत्तरात ग्रास गावच्या जाईबरोबर अशी द्रव्ये आहेतच. नाव खोटे सांगू नये, एवढेच.

आता जव्हार-विक्रमगडकडच्या, म्हणजे जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या, मोगरेवाल्यांसाठी. तुम्ही पहाटे घट्ट कळी तोडता, कारण ती दादरच्या बाजारातून गजऱ्यात जाऊन संध्याकाळी उमलायला हवी. वास सुटतो तो उमलतानाच. अर्कवाल्याला उमललेले फूल लागते. शिवाय वाफेने मोगऱ्याचा नाजूक वास बिघडतो, म्हणून द्रावकात फुले बुडवून आधी मेणासारखा गोळा आणि मग त्यातून अर्क काढतात. हे काम परसातल्या भट्टीचे नाही. कुणी ‘घरच्या घरी मोगरा अत्तर’ म्हणून यंत्र गळ्यात मारू लागला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

भट्टीवर सहज निघते ते गवताचे तेल. आपल्या खानदेशातले रोशा गवत ठाऊक आहे ना? त्याचे तेल पूर्वी मुंबईच्या बंदरातून तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. त्याचा वास गुलाबासारखाच, आणि भाव मात्र कितीतरी कमी. अजूनही साबण-अत्तरांना ते लागते. मुरमाड जमिनीतही हे गवत तग धरते. मात्र ‘मोतिया’ जातीचेच बी मागून घ्या. ‘सोफिया’ दिसायला तसेच, पण तेल हलके.

चंदनाची रोपे विकणारेही हल्ली गावोगाव फिरतात. ते नफा सांगतात, पुढचे सांगत नाहीत. चंदन दुसऱ्या झाडाच्या मुळांतून अन्न ओढते, म्हणून शेजारी तुरीसारखी सोबत हवीच. पैसा फक्त आतल्या गाभ्याचा, आणि तो भरायला पंधरा-वीस वर्षे जातात. तोवर चोरांची राखण तुमची. लावल्याबरोबर तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर नोंद करून घ्या. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात चंदन आहे, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचे झाडसुद्धा परवानगीवाचून तोडता येत नाही.