पहिल्या परीक्षेत नापास झालेलं चक्र



किराणा दुकानात तांदूळ घ्यायला गेलं की आई काय करते? पोत्यात हात घालते, मूठभर तांदूळ तळहातावर पसरते, एखादा दाणा दाताखाली धरून बघते आणि मगच म्हणते, "हं, द्या पाच किलो." शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच.

टीव्हीवरचे कार्यक्रमसुद्धा असेच विकले जातात बरं का! शंभर भाग तयार करून मग गिऱ्हाईक शोधायला कुणी निघत नाही. आधी एकच भाग तयार करतात, अगदी खराखुरा, दिवे-संगीत-टाळ्यांसकट. त्याला म्हणतात 'पायलट'. विमानाशी त्याचा काही संबंध नाही. हे आपलं पोत्यातलं मूठभर धान्य. वाहिनीवाले तो भाग बघतात, निवडक प्रेक्षकांना दाखवतात. पसंत पडला तर पुढचे भाग करायला सांगतात. नाही पसंत पडला, तर ती फीत कपाटात जाते आणि बहुतेक वेळा तिथेच राहते.

मालिकेचा पायलट असेल तर त्यात गोष्ट आणि नट पारखतात. पण खेळाच्या कार्यक्रमात खुद्द नियमांचीच परीक्षा असते. नियम झटकन कळतात का? घरी बसलेल्याला उत्तर देता येतं का? मधेच कंटाळा येतो का? आज आपण अशाच एका नापास झालेल्या खेळाची गोष्ट बघू.

अमेरिकेत मर्व्ह ग्रिफिन नावाचे एक गृहस्थ होते. गायक, गप्पांच्या कार्यक्रमाचे यजमान, आणि खेळ शोधून काढण्यात पटाईत. 'जेपर्डी' हा त्यांचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम एनबीसी या वाहिनीवर 1964 पासून चालू होता. त्यात सूत्रसंचालक उत्तर सांगायचा आणि स्पर्धकाने प्रश्न ओळखायचा. आहे की नाही उलटी गंगा?

ग्रिफिन लहान असताना मोटारीच्या लांबच्या प्रवासात बहिणीबरोबर 'हँगमन' खेळायचे. हा खेळ तुम्हाला नव्याने सांगायला नको. ऑफ तासाला वहीच्या शेवटच्या पानावर सिनेमाचं नाव मनात धरून रेघा मारायच्या, त्यातले ए, ई, आय, ओ, यू आधी भरून द्यायचे आणि अक्षर चुकलं की 'बॉलीवूड' या शब्दातलं एकेक अक्षर खोडायचं. आपल्याकडच्या कितीतरी वर्गांत हा खेळ चालतो. (बाईंच्या तासाला खेळत असाल तर ते मला सांगू नका!) तर ग्रिफिनना वाटलं, हाच खेळ टीव्हीवर का नको? पण नुसत्या रेघा आणि अक्षरं बघत कोण बसणार? म्हणून त्यांनी त्याला एक मोठं चक्र जोडलं. जत्रेत असतं तसं, फिरवलं की ज्या आकड्यावर थांबेल तेवढे पैसे.

एनबीसीच्या दुपारच्या कार्यक्रमांच्या प्रमुख होत्या लिन बोलेन. त्यांना कल्पना आवडली, पण दुपारी टीव्ही बघतात त्या घरातल्या बायका, तेव्हा यात थोडी झगमग आणि खरेदी हवी असं त्यांनी सुचवलं. मग 1973 मध्ये पायलट तयार झाला. नाव ठेवलं 'शॉपर्स बझार'. सूत्रसंचालक होता चक वुलरी.

आता हा भाग तुम्ही परीक्षक होऊन बघा. चक्र भिंतीवरच्या घड्याळासारखं उभं. ते स्पर्धक फिरवतच नाहीत, आपलं आपण फिरतं! चक्रावर 'दिवाळं' नाही, म्हणजे मिळालेले पैसे एका फटक्यात जाण्याची धास्ती नाही. एका घरावर चक्र थांबलं तर स्वर फुकट. आणखी एका घरावर थांबलं तर स्पर्धकाने तबकडीचा फोन उचलायचा आणि कोड्याची गुप्त सूचना एकट्याने कानात ऐकायची. त्यात स्पर्धक कोणत्या वस्तूंसाठी खेळतायत त्याचं वर्णन सुरुवातीलाच.

काय वाटतं? मला विचाराल तर त्या फोनवर मी पहिली फुली मारीन. आपण घरी बसून डोकं खाजवतोय आणि समोरचा एकटाच सूचना ऐकून गालातल्या गालात हसतोय, हे कुणाला आवडेल? दुसरी फुली आपोआप फिरणाऱ्या चक्रावर. क्रिकेटमध्ये नाणेफेक यंत्राने केली तर कप्तानाच्या चेहऱ्याकडे बघायला काय उरलं? हात लावून, जोर करून, "थांब, थांब!" असं ओरडण्यातच तर गंमत.

एनबीसीने हा 'बझार' काही चालू केला नाही. पण ग्रिफिननी फीत कपाटात टाकून दिली नाही. 1974 मध्ये त्यांनी आणखी दोन पायलट केले. आता नाव होतं 'व्हील ऑफ फॉर्च्युन'. चक्र आडवं झालं आणि स्पर्धकांच्या हातात आलं. कोड्याच्या फळ्यावर दिवे लागले, अक्षरं हाताने वळवायला सुझन स्टॅफर्ड उभ्या राहिल्या. सूत्रसंचालक मात्र बदलला होता. त्या वेळचा एक लोकप्रिय नट, एड बर्न्स. असं सांगतात, की हे एड बर्न्स पाच स्वर लक्षात राहावेत म्हणून "ए, ई, आय, ओ, यू" असं स्वतःशीच घोकत होते, ते ग्रिफिनच्या कानावर पडलं आणि त्यांनी पुन्हा चक वुलरीलाच बोलावलं. बर्न्ससाहेबांची बाजू घ्यायची तर, एवढ्या दिव्यांसमोर उभं राहिल्यावर आपल्यालाही पाढे आठवणार नाहीत!

'जेपर्डी'चा तो पहिला अवतार 3 जानेवारी 1975 ला संपला, तो शुक्रवार होता. सोमवारी, 6 जानेवारीला, 'व्हील ऑफ फॉर्च्युन' सुरू झालं. ते चक्र अजून फिरतंय.

जाता जाता एक गंमत. हा खेळ मराठीत करायचा झाला तर? इंग्रजीत स्पर्धक पैसे देऊन स्वर विकत घेतो. आपले स्वर तर अक्षरांच्या अंगाखांद्यावर बसलेले! म्हणजे आपला स्पर्धक म्हणेल, "मला एक काना द्या आणि एक पहिली वेलांटी." बाजारात कोथिंबिरीची जुडी मागावी तसं. आधी फक्त व्यंजनं दाखवायची. ही एक म्हण घ्या, काना-मात्रा सगळं काढून टाकलंय: 'गढवल गळच चव कय'. ओळखा पाहू! उत्तर पुढच्या अंकात.

आता प्रेक्षकांच्या मताकडे वळू. "आवडलं का?" असं विचारलं की माणसं "हो, छान होतं" म्हणतात. पाहुणे पोह्यांना म्हणतात तसंच. पोहे खारट असले तरी! मग खरं मत मिळवायचं कसं?

पॉल लाझारस्फेल्ड हे व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेले संशोधक आणि फ्रँक स्टँटन हे सीबीएस या कंपनीतले तरुण मानसशास्त्रज्ञ. 1930 च्या दशकाच्या शेवटी, रेडिओच्या जमान्यात, या दोघांनी एक यंत्र बनवलं. दहाएक श्रोत्यांना एका खोलीत बसवायचं. प्रत्येकाच्या एका हातात हिरवं बटण, दुसऱ्या हातात लाल. कार्यक्रम ऐकताना आवडलं तर हिरवं दाबायचं, नावडलं तर लाल, काहीच वाटलं नाही तर दोन्ही सोडून द्यायची. पलीकडे सरकत्या कागदावर पेनांच्या रेघा उमटायच्या. म्हणजे कार्यक्रम आवडला की नाही एवढंच नव्हे, तर नेमक्या कोणत्या मिनिटाला आवडेनासा झाला तेही कळायचं! या यंत्राचं लाडकं नाव होतं 'लिटल अ‍ॅनी'.

पुढे टीव्ही आल्यावर लॉस एंजेलिस शहरात 'प्रीव्ह्यू हाउस' नावाचं थिएटरच उभं राहिलं. सुमारे चारशे खुर्च्या. रस्त्यावरच्या माणसांना, सहलीला आलेल्यांना फुकट तिकिटं देऊन आत बोलवायचं. हातात एक गोल बटण. 'अगदी रटाळ' पासून 'फारच छान' पर्यंत पाच खुणा; कार्यक्रम चालू असताना ते फिरवत राहायचं.

पण समजा आजची मंडळी मुळातच खडूस निघाली तर? किंवा बाहेर पावसात भिजून आली असली तर? त्यावर त्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. पायलटच्या आधी ते सगळ्यांना नेहमी 'मिस्टर मॅगू' हे व्यंगचित्र दाखवायचे. डोळ्यांनी अधू असलेल्या मॅगू आजोबांची फजिती. रोज तेच. आजच्या लोकांनी मॅगूला नेहमीपेक्षा कमी गुण दिले तर समजायचं, गिऱ्हाईक आज कडक आहे, आणि पायलटचे गुण त्या मानाने धरायचे. वजनकाटा वापरण्याआधी तो शून्यावर आहे ना ते बघतात, तसंच हे.

तरी यंत्र म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. 1965 मध्ये सीबीएससाठी एका खेळाचा पायलट झाला. आपल्या फुल्ली-गोळ्याचाच खेळ, फक्त नऊ चौकोनांत नऊ प्रसिद्ध माणसं बसवलेली. ती उत्तर देणार, आणि ते खरं की थाप हे स्पर्धकाने सांगायचं. सीबीएसने तो घेतला नाही. एनबीसीने घेतला. 17 ऑक्टोबर 1966 ला 'हॉलिवुड स्क्वेअर्स' सुरू झाला आणि तिथे 1980 पर्यंत चालला. एकाचं नाकारलेलं ताट दुसऱ्याने चाटूनपुसून खाल्लं!

आता जरा गंभीर गोष्ट. आई-बाबांनीही वाचावी अशी.

प्रेक्षकांना कंटाळा आला तर दोन वाटा असतात. एक ग्रिफिनची, म्हणजे खेळ मोडायचा आणि नव्याने रचायचा. दुसरी वाट 'ट्वेंटी वन' या कार्यक्रमाने धरली. दोन स्पर्धक, आवाज आत न येणाऱ्या काचेच्या दोन खोल्या, कानाला हेडफोन. प्रश्न एक ते अकरा गुणांचे, जो आधी एकवीस गुण करील तो जिंकला. 12 सप्टेंबर 1956 ला पहिला कार्यक्रम झाला, अगदी प्रामाणिकपणे. आणि तो सपशेल पडला! प्रश्न इतके अवघड, की दोघेही स्पर्धक पुन्हा पुन्हा चुकत राहिले. कार्यक्रमाला पैसे देणारी औषध कंपनी भडकली. निर्माते डॅन एनराइट यांनी मग खेळ बदललाच नाही. स्पर्धकांना उत्तरं आधीच द्यायला सुरुवात केली. कुणी कधी जिंकायचं, कधी हरायचं, कपाळावरचा घाम कसा टिपायचा, सगळं ठरलेलं.

हर्बर्ट स्टेम्पेल नावाचा एक स्पर्धक आठवडेच्या आठवडे जिंकत होता. त्याला एके दिवशी सांगण्यात आलं, आता हर. प्रश्न होता 1955 सालच्या ऑस्कर विजेत्या सिनेमाचा. उत्तर 'मार्टी', आणि हा त्याचा अत्यंत आवडता सिनेमा! उत्तर ओठांवर असताना त्याने मुद्दाम चुकीचं नाव सांगितलं. त्याची जागा घेतली चार्ल्स व्हॅन डोरेन या देखण्या, तरुण प्राध्यापकाने. त्याने 1,29,000 डॉलर जिंकले, साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला, मुलांना अभ्यासाची गोडी लावणारा म्हणून त्याचं कौतुक झालं. नोव्हेंबर 1959 मध्ये त्याने अमेरिकन संसदेच्या समितीपुढे कबूल केलं, की त्याला उत्तरं पुरवली जात होती. त्याची नोकरी गेली. 1960 मध्ये अमेरिकेत कायदाच झाला, की अशा स्पर्धेचा निकाल आधी ठरवून प्रेक्षकांना फसवणं हा गुन्हा.

इतक्या लोकांना एकदम काय टोचलं असेल? घराघरात जी मुलं स्पर्धकाबरोबर श्वास रोखून उत्तर शोधत होती, ती एका नाटकाबरोबर खेळत होती. शेजारच्या बाकावरच्या मुलाने शंभरपैकी शंभर मिळवले म्हणून तुम्ही टाळ्या वाजवाव्यात आणि मग कळावं, की त्याला प्रश्नपत्रिका आदल्या रात्रीच मिळाली होती. त्या टाळ्या आठवून कसं वाटेल?

आपल्या ओळखीचं उदाहरण हवंय? 'कौन बनेगा करोडपती' 3 जुलै 2000 ला सुरू झालं आणि त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे यांनी एक कोटी जिंकले. पुढे 2013 मध्ये ते मराठीतही आलं, सचिन खेडेकरांबरोबर. त्याचं मूळ ब्रिटनमध्ये. कागदावर असताना त्या खेळाचं नाव होतं 'कॅश माउंटन', म्हणजे पैशांचा डोंगर! 1998 मध्ये प्रसारणाआधी त्याचाही पायलट केला होता आणि त्याचं संगीत निर्मात्यांना पटलं नाही. ते काढून टाकलं आणि कीथ व मॅथ्यू स्ट्रॅचन या बापलेकांकडून नवं करून घेतलं. छातीत धडधड वाढवणारं ते संगीत तुम्ही झोपेतसुद्धा ओळखाल.

सुट्टीत तुम्हीही एखादा खेळ तयार कराल, तेव्हा त्याचा पायलट जरूर करा. चार मित्र खेळायला, चार नुसते बघायला. खेळ संपल्यावर "आवडला का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. त्यापेक्षा एकाला वही आणि घड्याळ घेऊन कोपऱ्यात बसवा. कितव्या मिनिटाला कोण पाणी प्यायला उठलं, कोण पंख्याकडे बघत बसलं, आणि बघणाऱ्यांपैकी कोण न राहवून उत्तर ओरडला, एवढंच त्याने लिहायचं. बघणाऱ्यांत आजीला बसवायला विसरू नका. ती तिसऱ्यांदा "म्हणजे रे काय करायचं?" असं विचारील तो नियम पेन्सिलीने खोडून ठेवा.