खाली उतरल्यावर

लेहला विमानातून उतरलेल्या माणसाला आम्ही आधी सक्तीची विश्रांती देतो. कर्नल असो वा शिपाई. नऊ हजार फुटांवर पहिला टप्पा सहा दिवसांचा, बारा हजारांवर चार, पंधरा हजारांवर आणखी चार. सुट्टीवरून परतलेल्या जुन्या जवानालाही थेट पोस्टवर चढवत नाहीत. ही सगळी तयारी वर जाण्याची. खाली जाताना हातात रेल्वे वॉरंट आणि ‘जय हिंद’.

हे एरवी मला खटकलं नसतं. पण गेल्या वर्षी मावसभावाचा फोन आला, “दादा, पोरगं हाताबाहेर गेलंय.” एकोणीस वर्षांचा मुलगा. गांजा, रात्रभर जागरण, दिवसा खोलीचं दार बंद. मी फौजी माणूस, सल्ला तयारच होता: डोंगरात पाठव. उत्तराखंडात चार आठवड्यांचं शिबिर होतं, सोबत समुपदेशकही. पोरगा गेला. पाठीवर बोजा, पहाटे पाचला उठणं, आपली भांडी आपण घासणं. शेवटी फोटो आला, रापलेला चेहरा आणि चक्क हसू. तो मी मेसमध्ये दोघा-तिघांना दाखवलासुद्धा.

घरी तीच खोली, तोच कट्टा, तेच मित्र. सातव्या आठवड्यात पुन्हा फोन. “दादा, तुझा डोंगर उतरला रे.”

चूक डोंगराची नव्हती, पोराचीही नव्हती. वर निवडायला काही नसतंच. चालायचं, शिजवायचं, झोपायचं. खडकवासल्याहून पहिल्या सुट्टीत घरी आलो तेव्हा तिसऱ्याच दिवशी मी अकरापर्यंत लोळत होतो आणि अंथरूण आई काढत होती. फरक एवढाच, माझ्या हातात परतीची तारीख होती. त्याच्या हातात काहीच नव्हतं.

अमेरिकेत, विशेषतः युटा राज्यात, वाइल्डरनेस थेरपीचा मोठा धंदा उभा राहिला. मुलांना रात्री अंथरुणातून उचलून नेण्यापर्यंत तिथे मजल गेली आहे. ते अजिबात घेऊ नये. पण पुढे काय, हा प्रश्न तिथे निदान विचारला जातो. बरीच मुलं तिथून थेट घरी न जाता दुसऱ्या निवासी केंद्रात जातात. आपल्याकडेही पुण्याच्या मुक्तांगणने, १९८६ पासूनच्या कामात, उपचारानंतरच्या पाठपुराव्याला महत्त्व दिलंय. आपण मात्र शिबिराची फी भरतो आणि बूट विकत घेतो.

माझं म्हणणं असं की बूट घेण्याआधी गावातला समुपदेशक ठरवा. परतल्यावर पहिल्या आठवड्यातली भेटीची वेळ घेऊन ठेवा. शिबिरातल्या समुपदेशकाने त्याच्याशी स्वतः बोललं पाहिजे, नुसतं प्रमाणपत्र नको. आईवडिलांनीही त्या चार आठवड्यांत कुणाशी तरी बोलावं, कारण पोरगं बदलून येतं आणि घर जसंच्या तसं असतं. पाय घसरला तर कोणाला फोन करायचा, हे पोराला विचारूनच लिहून ठेवा. कुणीच नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ आहे, चोवीस तास आणि फुकट.

यातलं एकही मी भावाला सांगितलं नव्हतं. मला सुचलंच नाही.

आता पोरगा दर गुरुवारी डॉक्टरांकडे जातो. मध्ये दोनदा चुकवलं. रविवारी मी पोस्टवरून फोन लावतो, लाइन लागली तर. डोंगराचं नाव काढत नाही. “जेवलास का? गुरुवारी गेला होतास का?” एवढंच. परवा म्हणाला, “काका, पुढच्या गुरुवारी बाबाही येणारेत.”