एस. टी.चा संप व सुशिक्षितांचे मौन

आमच्या सुशिक्षित वर्गाची अशी एक सोयीची समजूत आहे की, संप मिटला म्हणजे त्याविषयीचा विचारही मिटला. एस. टी. कामगारांचा २०२१-२२ चा संप आता जुना झाला. आज त्याची आठवण कोणी काढलीच तर 'अखेर त्यांच्या पदरात काय पडले?' एवढा एकच प्रश्न विचारून विषय संपवतात. आमच्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. संपाने कामगारांस काय दिले हे मोजणे सोपे आहे. परंतु आमच्या सार्वजनिक जीवनातून त्याने काय नेले, हे मोजण्याची तसदी कोणी घेतलेली नाही. सरकार, महामंडळ व कामगार यांनी एका बैठकीस बसावे, करार करावा आणि तो पाळावा, हा विश्वासच त्या सहा महिन्यांत नाहीसा झाला, व तो अद्याप परत आलेला नाही.

प्रथम घडले ते थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस उपोषणाने सुरू झालेली चळवळ नोव्हेंबरात राज्यभर पसरली आणि आगारांची दारे बंद झाली. नव्या कामगारास सर्व भत्ते धरून महिना सतरा हजारांच्या आसपास वेतन होते. तेही वेळेवर मिळेना. कित्येकांनी आपले जीवन संपविले. महामंडळाचे शासनात विलीनीकरण करा, ही मागणी या हालांतून उठली. शासनाने २४ नोव्हेंबर रोजी मूळ वेतनात दहा वर्षांपर्यंतच्या सेवेस ५,०००, वीस वर्षांपर्यंत ४,००० व त्यापुढे २,५०० रुपयांची वाढ जाहीर केली, तरी बहुसंख्य कामगार परतले नाहीत. उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या तीन सदस्यांच्या समितीने विलीनीकरण अशक्य ठरविले. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर हजर होण्यास सांगितले, तेव्हा संप संपला. दरम्यान ८ एप्रिलला मुंबईत शरद पवार यांच्या घरावर जमाव चालून गेला. ते कृत्य निंद्यच होते, यात शंका नाही. पण त्या एका दिवसाच्या निंदेआड सहा महिन्यांचे दुःख दडविणे हा न्याय नव्हे.

आता आमच्या नायगावाकडे वळू. नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादेस जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. येथे रेल्वे नाही. भोवतालच्या खेड्यांतील मुलामुलींस शाळेस, रुग्णास नांदेडच्या दवाखान्यास, शेतकऱ्यास कचेरीस पोहोचविणारी गाडी एकच, ती म्हणजे एस. टी. महामारीमुळे बंद असलेल्या ग्रामीण शाळांचे वरचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले, आणि महिना होतो न होतो तोच गाड्या थांबल्या. अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेखाली खेड्यातील शाळकरी मुलीस एस. टी.चा पास विनामूल्य मिळतो. ज्या दिवशी गाडी थांबली त्या दिवशी तो पास कागदाचा कपटा झाला. मुलाला टमटमचे भाडे देणारा बाप मुलीला 'घरीच बस' म्हणतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. संपाचा दंड सरकारने भरला नाही, पुढाऱ्यांनी भरला नाही. तो या मुलींनी भरला.

येथे आमचे सुज्ञ मित्र म्हणतील, 'मग दोष कामगारांचाच!' थोडा धीर धरावा. कामगार हा मार्ग का धरतो, याचा विचार केल्यावाचून दोष ठरविता येत नाही. १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे किमान तीस टक्के सभासद दाखविणाऱ्या संघटनेस मान्यता मिळते, व एकदा मान्यता मिळाली की बोलण्याचा अधिकार तिचाच. सभासदांची मोजदाद होते, विश्वासाची होत नाही. पूर्वी १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने मुंबईच्या गिरण्यांत हाच प्रकार केला होता. प्रातिनिधिक म्हणविणाऱ्या संघटनेवरचा कामगारांचा विश्वास उडाला, ते दत्ता सामंतांकडे गेले आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाख माणसांची धूळधाण झाली. चाळीस वर्षांनी एस. टी.त तेच घडले. जुन्या संघटना बाजूस पडल्या व पुढारीपण वकील गुणरत्न सदावर्ते यांच्याकडे गेले. हा क्षणिक संताप असता तर संपाबरोबर ओसरला असता. परंतु २०२३ साली एस. टी. कामगारांच्या सहकारी बँकेच्या निवडणुकीत सदावर्ते यांच्या पॅनेलने सर्वच्या सर्व जागा जिंकल्या. ज्या पुढाऱ्याच्या हाताखाली मुख्य मागणी फसली त्यासच कामगार मते देतो, यावरून जुन्या संघटनांविषयी त्याच्या मनात किती कडवटपणा साठला आहे, ते दिसते.

राज्यकर्त्यांविषयी काय म्हणावे? विलीनीकरणासाठी आझाद मैदानावर कामगारांबरोबर बसलेले गोपीचंद पडळकर व सदाभाऊ खोत तेव्हा विरोधी बाजूस होते. जून २०२२ मध्ये त्यांच्या बाजूचे सरकार आले. विलीनीकरण मात्र आले नाही. विरोधात असता जे हक्काचे, तेच सत्तेवर येताच अव्यवहार्य! पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये गणपतीच्या तोंडावर कामगारांनी पुन्हा गाड्या थांबविल्या, आणि दोनच दिवसांत एप्रिल २०२० पासून ६,५०० रुपयांची वाढ मिळाली. चार वर्षे जे बोलण्याने मिळाले नाही ते दोन दिवसांच्या अडवणुकीने मिळाले! यातून कामगाराने कोणता धडा घ्यावा? अर्ज टोपलीत जातो. चाक थांबले की मंत्री बोलावतो. हा धडा त्यास शासनानेच शिकविला आहे.

देगलूरच्या पलीकडे तेलंगणाची हद्द लागते. एके काळी तो मुलूख व आपला मराठवाडा एकाच निजामी राज्यात होता. तेथील कामगारांनी याच मागणीसाठी ५ ऑक्टोबर २०१९ पासून बावन्न दिवस संप केला. सरकारने त्यांस दमविले, मग कामावर घेतले, आणि संघटनांच्या जागी आगारोआगार कल्याण समित्या नेमल्या. जे विलीनीकरण तेव्हा अशक्य होते त्याचे विधेयक त्याच सरकारने २०२३ च्या ऑगस्टमध्ये, निवडणूक जवळ येताच, मंजूर करून घेतले. आंध्र प्रदेशाने तर १ जानेवारी २०२० पासूनच कर्मचाऱ्यांस सरकारी सेवेत घेतले होते. तेव्हा 'अशक्य' हा शब्द हिशेबातून येत नाही, सोयीतून येतो. परंतु तेलंगणाच्या उदाहरणात आम्हांस आनंद वाटत नाही. कामगाराचा आवाज काढून घेऊन नंतर त्याच्या हातावर मेहेरबानी ठेवणे ही सुधारणा नव्हे; मेहेरबानी देणारा ती परतही घेऊ शकतो.

आम्ही विलीनीकरणाचे भाट नाही. सरकारी शिक्का बसल्याने मोडकी गाडी नवी होत नाही. आमचे मागणे साधे आहे. वाटाघाट करणारी संघटना कामगारांच्या गुप्त मतदानाने ठरावी. केंद्राच्या २०२० च्या संहितेने हजेरीपटावरील ५१ टक्क्यांचा आधार मागितला आहे, पण मतपेटीवाचून तो आकडाही कागदीच राहील. वेतनकराराची मुदत संपण्यापूर्वी पुढचा करार व्हावा, आणि तो न करणाऱ्या अधिकाऱ्यांस जाब विचारला जावा. स्त्रियांस मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट देणाऱ्या शासनाने उरलेल्या अर्ध्याची भरपाई महामंडळास वेळेवर करावी; दानाचे श्रेय मंत्र्याने घ्यावे व उधारी कंडक्टरच्या पगारातून फेडावी, हे बरे नाही. आणि कामगारांनीही ध्यानात ठेवावे की शाळकरी मुलीची गाडी अडवून मिळविलेला विजय त्यांस लोकांपासून तोडतो.

राहता राहिलो आपण. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली गाडी गेली, तेव्हा ती आपली वाटत होती. आज दारात मोटार आली आणि एस. टी. 'त्यांची' झाली. जो प्रवास करतो त्यास कोणी विचारीत नाही आणि ज्याचे शब्द छापले जातात तो प्रवास करीत नाही, म्हणूनच ही दुरवस्था शांतपणे चालू आहे. संप झाला तेव्हा आपण गैरसोयीबद्दल कुरकुरलो. संप मिटल्यावर गप्प बसलो. पुढचा संप होईल तेव्हा नायगावच्या रस्त्यावर पास हातात धरून उभी असलेली मुलगी पुन्हा घरी परतेल, आणि तेव्हा त्याचा दोष कामगार व मंत्री या दोघांतच वाटून मोकळे होण्याचा अधिकार आपणांस राहणार नाही.