डॉक्टर हात टेकतात, त्यानंतर

१९९६ साली मी एका तालुक्याच्या गावी बँकेचा शाखा व्यवस्थापक होतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनवाल्यांची रांग लागे. त्या रांगेत एक निवृत्त शिक्षक असत. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणे. आमच्या शाखेतल्या दोघा क्लार्कांचे अक्षर त्यांनीच वळवलेले. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू जात होती आणि नजरेबरोबर सहीही बिघडत होती. आधी ती ओळीखाली घसरली, मग अक्षरे एकमेकांवर चढू लागली. एके दिवशी कॅशियरने त्यांची विड्रॉल स्लिप माझ्या टेबलावर आणून ठेवली. नमुना सहीशी ताडून पाहिली, जुळेना. मी गुरुजींना आत बोलावले, चहा मागवला आणि म्हणालो, ‘गुरुजी, यापुढे अंगठा लावलेला बरा. दोन साक्षीदार लागतील. आणि चेकबुक तेवढं परत करा.’ ते काहीच बोलले नाहीत. डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. शाई मीच लावली.

त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मी काही वावगे केले नव्हते. दृष्टिहीन ग्राहकाला निरक्षराच्याच रकान्यात घालायचे, ही तेव्हाची सर्रास पद्धत. दृष्टी नाही म्हणून चेकबुक, एटीएम वा लॉकर नाकारता येणार नाही, असे रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून स्पष्ट केले ते २००८ साली. तोवर गुरुजी हयात नव्हते.

पण मला आजही टोचते ते वेगळेच. पत्त्याच्या पानाएवढा जाड पुठ्ठा घ्यावा, त्यात सहीच्या मापाची आडवी खाच कापावी, ती कागदावर नेमक्या जागी ठेवावी. हाताला खाचेची कड लागते, सही ओळ सोडत नाही. उभा जन्म लिहिण्यात गेलेल्या हाताला बाकीचे आठवत असते. आमच्या जुन्या लेजरच्या पुठ्ठ्यातून शिपायाने दोन मिनिटांत तो कापून दिला असता. मला ते ठाऊक नव्हते, गुरुजींना नव्हते, आणि त्यांच्या डॉक्टरांनीही कधी सांगितले नव्हते. हे सांगायचे कोणी?

अंधत्व म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोन चित्रे येतात. एक मोतिबिंदूच्या शिबिराचे, दुसरे अंधशाळेतल्या मुलांचे. दोन्ही कामे मोठी आहेत. ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली ती १९०० साली. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ सालचा. त्याच्या शस्त्रक्रियांनी असंख्य म्हाताऱ्यांना पुन्हा नातवंडांचे तोंड पाहता आले. पण पन्नाशी-साठीत ज्याची दृष्टी काचबिंदूने किंवा मधुमेहाने कायमची गेली, तो या दोन्ही चित्रांत कुठेच बसत नाही. त्याला शाळेत घालता येत नाही आणि शस्त्रक्रियेचा उपयोग नसतो. डॉक्टर सांगतात, ‘आता काही करता येणार नाही.’ डोळ्यांपुरते ते खरे असते. घरचे मात्र ऐकतात, की आता या माणसाला काही करता येणार नाही.

माझ्या थोरल्या वहिनींच्या बाबतीत हेच झाले. मधुमेहाने त्यांची नजर गेली आणि पाच माणसांचा स्वयंपाक एकहाती करणारी ही बाई वर्षभर एका खाटेवर बसून राहिली. कोणी छळ केला नाही; उलट सगळे जपत होते. ‘तुम्ही बसा, आम्ही करतो,’ हे वाक्य दिवसातून पन्नासदा त्यांच्या कानी पडे. त्या वाक्यानेच त्यांना खाटेला बांधून टाकले.

मग शहरातल्या एका संस्थेची शिक्षिका घरी येऊ लागली. विशीतच तिचीही दृष्टी गेलेली. तिने पहिल्या दिवशी काठी काढली नाही. म्हणाली, ‘काकू, चहा तुमच्या हातचा घेईन.’ मग गॅसचे बटण चाचपून किती फिरवायचे, कप भरत आल्याचे आवाजावरून कसे ओळखायचे, हळद-तिखटाच्या डब्यांना किती रबरबँड लावायचे, हे एकेक सुरू झाले. ताट म्हणजे घड्याळ: भात सहाला, भाजी तीनला, कोशिंबीर नऊला. पाचशेची नोट सरळ, दोनशेची एक घडी, शंभरची दोन घड्या. काठी आली ती तिसऱ्या आठवड्यात. तोवर आम्हालाही शिकवणी झाली होती. खुर्ची जागची हलवायची नाही, खोलीतून जाताना सांगून जायचे, हात धरून ओढायचे नाही. आपले कोपर पुढे करायचे, धरायचे त्यांनी. आता वहिनींचा मोबाइल मराठीत बोलतो आणि सकाळचा चहा त्याच करतात. दुःख गेले असे नाही. त्या अजूनही कधी कधी रडतात. पण खाट सुटली.

हे काही नवे शास्त्र नव्हे. इंग्लंडमध्ये आर्थर पिअर्सन या वृत्तपत्राच्या मालकाची दृष्टी काचबिंदूने गेली, आणि त्यांनी १९१५ साली युद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स ही संस्था काढली. त्याच धर्तीवर १९४३ साली देहराडूनला आपल्याकडच्या युद्धांध जवानांसाठी केंद्र निघाले. आजची तिथली राष्ट्रीय संस्था त्यातूनच वाढली. मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड १९५२ पासून काम करते आहे. ज्ञान आहे, संस्था आहेत. पण तालुक्याच्या गावातला, नुकतीच दृष्टी गेलेला माणूस मुंबई-पुण्याला जाणार कसा? तिथे जायला जे यावे लागते, तेच तर तिथे शिकवतात! वहिनींना शिक्षिका मिळाली, कारण पुतण्या पुण्यात होता आणि जाण्यायेण्याचा खर्च परवडणारा होता.

कायदा म्हणाल तर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे २७ वे कलम पुनर्वसनाची जबाबदारी शासनाबरोबर स्थानिक संस्थांवरही टाकते. अर्थात ‘आर्थिक कुवतीनुसार’ ही पळवाट ठेवूनच. महाराष्ट्रात २०२२ पासून दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग आहे. स्थानिक संस्थांनी उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा, असाही निर्णय आहे. हा पैसा साहित्यवाटपात सहज खर्ची पडतो. पांढरी काठी दिली की छायाचित्र निघते, नोंद होते. ती काठी कोणी चालवली की दाराआड पडून राहिली, याचा रकाना हिशेबाच्या वहीत नसतो. चौतीस वर्षे जमाखर्च तपासलेला माणूस म्हणून सांगतो, ज्याचा रकाना नसतो ते काम होत नाही.

आणि आम्ही बँकवाले अजून शहाणे झालेलो नाही. खाते उघडायला मोबाइलसमोर डोळ्यांची उघडझाप करा, असे यंत्र सांगू लागले. ज्याला पडदा दिसत नाही, ज्याचे डोळे मिटत नाहीत, त्याने काय करावे? अखेर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. माझी १९९६ ची चूक नव्या यंत्रावर चढली होती, एवढेच.

मागणे फार मोठे नाही. तालुक्याला एक प्रशिक्षित शिक्षक हवा, घरी जाणारा. शक्यतो स्वतः या वाटेने गेलेला. आणि जिथे अंधत्वाचा दाखला मिळतो, तिथेच त्या शिक्षकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी हातात पडावी. पुढच्या वेळी सरकारी रुग्णालयात गेलात, तर नेत्रविभागात एवढेच विचारा : दृष्टी परत येणार नाही असे कळलेल्या माणसाने इथून कोणाकडे जायचे? बहुतेक समोरचा गोंधळेल. तरी विचारा. गुरुजींच्या वेळी हा प्रश्न मला कोणी विचारला असता, तर मी निदान तो पुठ्ठा तरी शोधला असता.