कागदावर नसलेली खोली

दिल्लीतील आमचे दुमजली घर विकायला काढले, तेव्हा दलालाचा पहिला सल्ला होता : ‘साहेब, बरसातीविषयी काही बोलू नका.’ गच्चीवरची ती खोली मी १९९६ मध्ये मुलाच्या अभ्यासासाठी बांधली. मंजूर नकाशात ती नाही. सेवेत असताना इतरांच्या अनधिकृत बांधकामांवर मी कठोर शेरे लिहिले आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे.

शासनाला ही खोली ठाऊक नाही, असे मात्र नाही. दिल्लीत २००४ पासून मालमत्ता कर बांधीव क्षेत्रफळावर आकारला जातो आणि माझ्या विवरणपत्रात बरसाती पहिल्यापासून आहे. कर घेणाऱ्या महापालिकेच्याच इमारत विभागाच्या लेखी तेथे मोकळे आकाश आहे! दुय्यम निबंधक १९०८ च्या कायद्यान्वये दस्त नोंदवतो. घर नकाशाबरहुकूम आहे की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. २००६ मध्ये संसदेने अशा बांधकामांना एका वर्षापुरते अभय दिले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तात्पुरत्या कायद्यांचे दीर्घायुष्य नवे नाही. एकामागून एक कायदे करून हे अभय ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत लांबवण्यात आले. अभय म्हणजे मंजुरी नव्हे, हे खरेदीदाराला कोण सांगणार?

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ ही जबाबदारी विक्रेत्यावर टाकते : स्वतःला ठाऊक असलेला, पण ग्राहकाला साधारण दक्षता घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष त्याने सांगितलाच पाहिजे. खोली डोळ्यांना दिसते, तिची नामंजुरी दिसत नाही. भूकंपप्रवण शहरात, दोन मजल्यांसाठी घातलेल्या पायावर हा वाढीव भार आहे.

१७ डिसेंबर २०२४ रोजी मेरठच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पूर्णत्वाचा वा भोगवट्याचा दाखला तपासल्याखेरीज बँकांनी इमारतीच्या तारणावर कर्ज देऊ नये, असे बजावले. आदेश योग्यच. पण त्यामुळे तपासणी होते ती कर्ज घेणाऱ्या नोकरदाराची. रोख मोजणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. खरे बोलणारा विक्रेता अखेर त्याच्याच दारात ढकलला जातो. म्हणून प्रत्येक विक्रीदस्तास मंजूर नकाशा आणि नकाशाबाहेर काय, केव्हा बांधले याचे विक्रेत्याचे सहीनिशी निवेदन जोडणे देशभर सक्तीचे करावे.

आमचा व्यवहार एका तरुण शिक्षक दांपत्याशी झाला. बरसातीची किंमत मी धरली नाही. करारनाम्याच्या परिशिष्टात तिचे मोजमाप आणि पुढे ‘मंजुरी नाही’ हे शब्द मी स्वहस्ते लिहिले. दलाल त्या दिवशी आला नाही.