डिस्चार्ज कार्डावर नसलेली एक ओळ

हार्ट अटॅकनंतर पेशंट घरी निघतो तेव्हा त्याला काय सांगतात? मीठ-तेल कमी करा, तंबाखू बंद, गोळ्या चुकवू नका, तारखेला दाखवायला या. बास. नवरा-बायकोचे संबंध कधीपासून ठेवायचे, यावर चकार शब्द नाही. डॉक्टर बोलत नाहीत, पेशंट लाजतो, बायको तर विचारणारच नाही.

"या वयात कशाला हवंय?" म्हणणाऱ्यांनी जरा भोसरी, तळवडे, चाकणच्या कंपन्यांत डोकवावं. चाळिशीत स्टेंट टाकून पुन्हा शिफ्टला येणारी माणसं आहेत तिथं. त्यांचा संसार अजून अर्धाही झालेला नाही.

न बोलल्यामुळे काय होतं? बायको भीतीने अंथरूण वेगळं करते. त्याला वाटतं, आपण आता कामातून गेलो. कुणी कमजोरीचं खापर गोळ्यांवर फोडून त्या परस्पर बंद करतो. स्टेंटवाल्याने रक्त पातळ करणारी गोळी सोडली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. कुणी गुपचूप मेडिकलमधून सिल्डेनाफिल आणतो. सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेटच्या गोळीसोबत ती घेतली तर बीपी एकदम कोसळतं, जीवही जाऊ शकतो. हा लाजेचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

आणि उत्तर अवघड नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 सालीच सांगितलंय: अटॅकनंतर गुंतागुंत नसेल आणि हलक्या-मध्यम श्रमाला त्रास होत नसेल, तर आठवडाभरानंतर संबंध ठेवायला हरकत नसते. साधारण दोन जिने न थांबता चढून छातीत दुखत नसेल, धाप लागत नसेल, एवढी ताकद पुरते. बायपास असेल तर छातीचं हाड जुळेपर्यंत सहा ते आठ आठवडे थांबायचं. अर्थात, आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

पण हे सांगणार कोण? माझं मत स्पष्ट आहे: सिस्टर आणि ब्रदर. डॉक्टर राउंडला दोन मिनिटं येतात, पेशंटजवळ दिवसरात्र असतात ते हेच. 2013 साली युरोप-अमेरिकेच्या हृदयरोग संघटनांनी याच समुपदेशनावर संयुक्त मार्गदर्शन काढलं, त्याच्या पहिल्या लेखिका इलेन स्टाइन्की या नर्सिंगच्याच प्राध्यापक. आपल्याकडेही सिस्टर तांबीबद्दल बोलतात, आयसीटीसीत समुपदेशक कंडोमबद्दल बोलतात. मग इथंच जीभ का अडखळते?

एक अडचण मात्र खरी आहे. पुरुषांच्या वॉर्डात बावीस वर्षांच्या मुलीने हा विषय काढायचा, आणि कुणी वेडंवाकडं बोललं तर? म्हणून सगळं तिच्या गळ्यात मारून चालणार नाही. आधी प्रशिक्षण द्या. पुरुष पेशंटशी ब्रदर किंवा सीनियर सिस्टर बोलू देत. पडदा ओढा, नवरा-बायको दोघांनाही बसवा, हातात छापील कागद द्या. कुणी गैर वागलं तर प्रशासन नर्सच्या पाठीशी उभं राहिलं पाहिजे. आणि रिकाम्या जागा भरा, नाहीतर हे बोलायला वेळ कुठून आणणार?

सुरुवात महापालिकेच्या वायसीएमपासून करा. मोठ्या कंपन्यांच्या दवाखान्यातही नर्स असते. कामावर परतताना तिथं फिटनेस बघतातच, त्यात हेही विचारा.

सुरुवातीला एवढंच म्हणायचं: "दादा, बऱ्याच जणांना संबंधांबद्दल शंका असते. तुम्हाला काही विचारायचंय का?"

घरात कुणाला अटॅक येऊन गेला असेल तर तुम्हीच विचारा. लाजू नका.